ऑक्सफर्डमध्ये जन्मले, भुवनेश्वरमध्ये वारले. या शास्त्रज्ञाचा विदर्भातल्या सिकलसेलशी काय संबंध?

वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आरोग्य कर्मचारी लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना एक गोष्ट हमखास सांगतात. पत्रिका जुळवायची तर जुळवा, पण त्याआधी दोघांची सिकलसेलची तपासणी करा.

कारण सरळ आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि विदर्भात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. पण यात एक कोडं आहे. ज्या आजारात मुलं लहानपणीच दगावायची, तो पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? उत्क्रांतीच्या नियमानं तो कधीच नाहीसा व्हायला हवा होता.

या कोड्याच्या उत्तराची दिशा दाखवली ती जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं. विशेष म्हणजे त्यांच्याकडे विज्ञानाची पदवीच नव्हती. पुढे ब्रिटन सोडून ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि इथेच वारले.

बापाच्या प्रयोगातला पोरगा

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. घरात त्यांना जॅक म्हणायचे. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत कामगार कोणत्या वायूनं मरतात, हे शोधणं त्यांचं काम. खाणीत विषारी वायू आहे का हे ओळखायला छोटे पक्षी सोबत न्यायची पद्धत त्यांच्यामुळेच रूढ झाली.

वडील प्रयोग आधी स्वतःवर करायचे आणि नंतर पोराला सोबत घ्यायचे. एकदा त्यांनी जॅकला खाणीत नेलं आणि उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. काही ओळींतच पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीवर पडल्यावर मात्र त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे तो वरच्या बाजूला साठतो, हा धडा जॅक जन्मभर विसरला नाही.

१९०१ च्या सुमारास वडिलांनी त्याला मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांवरच्या एका व्याख्यानाला नेलं. पुढे जॅक आणि त्याची धाकटी बहीण नेओमी यांनी घरीच गिनिपिग पाळून कोणता गुण कुणाकडून कुणाकडे जातो याच्या नोंदी ठेवल्या. हीच नेओमी मिचिसन पुढे मोठी लेखिका झाली.

ऑक्सफर्डमध्ये हाल्डेन यांनी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य व तत्त्वज्ञान असं शिक्षण घेतलं. विज्ञान ते घरात शिकले, वडिलांच्या प्रयोगशाळेत.

युद्ध, जखमा आणि भारताची पहिली भेट

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हाल्डेन 'ब्लॅक वॉच' या स्कॉटिश पलटणीत अधिकारी म्हणून आघाडीवर गेले. उंदरांमधल्या आनुवंशिकतेवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९१५ साली छापून आला. त्यात त्यांच्यासोबत बहीण नेओमी आणि मित्र ए. डी. स्प्रंट यांची नावं होती. स्प्रंट तोवर लढाईत मारला गेला होता.

पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हाल्डेन जखमी झाले आणि उपचारांसाठी भारतात आले. बरे झाल्यावर काही काळ त्यांनी मध्य भारतातल्या महूच्या छावणीत सैनिकांना बॉम्ब वापरण्याचं प्रशिक्षण दिलं. हा देश त्यांना आवडला, पण इथे गोऱ्या साहेबासारखं राहणं त्यांना पटलं नाही. पुन्हा यायचं तर इथल्या लोकांशी बरोबरीनं वागता येईल तेव्हाच यायचं, असं त्यांनी ठरवलं. ती वेळ यायला पुढे जवळपास चाळीस वर्षं लागली.

गणितानं डार्विनला पाठबळ दिलं

युद्धानंतर हाल्डेन केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवायला गेले. १९२४ पासून त्यांनी निबंधांची एक मालिका लिहायला घेतली. विषय होता नैसर्गिक निवडीचं गणित.

डार्विननं सांगितलं होतं की ज्या जीवांना परिस्थिती मानवते ते टिकतात आणि त्यांची संतती वाढते. पण हे किती वेगानं होतं? एखादा गुण थोडासाच फायद्याचा असेल तर तो पसरायला किती पिढ्या लागतील? याचा हिशेब कुणाकडे नव्हता. हाल्डेन, रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेतले सीवॉल राइट या तिघांनी तो मांडला. डार्विनची निवड आणि मेंडेलची आनुवंशिकता एकत्र जुळली ती या तिघांच्या कामामुळे.

याच काळात त्यांचं खासगी आयुष्यही गाजलं. शार्लट या विवाहित पत्रकार स्त्रीशी त्यांचे संबंध जुळले, घटस्फोटाचा खटला झाला आणि विद्यापीठानं त्यांना अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून काढून टाकलं. हाल्डेन यांनी दाद मागितली आणि ते जिंकले. १९२६ साली दोघांचं लग्न झालं. १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

वडिलांची स्वतःवर प्रयोग करायची सवय त्यांनीही सोडली नाही. रक्ताची आम्लता वाढली तर काय होतं हे बघायला त्यांनी अमोनियम क्लोराइड पिऊन घेतलं आणि काही दिवस धापा टाकत काढले. १९३९ साली 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मेले. आतले लोक बाहेर का पडू शकले नाहीत, हे शोधायला हाल्डेन आणि त्यांचे सहकारी दाबाच्या बंद टाकीत बसले. या प्रयोगांत त्यांना झटके आले, पाठीच्या मणक्यांना इजा झाली, कानाचे पडदे फाटले. पडदे पूर्ण भरून आले नाहीत, म्हणून ते ओढलेल्या सिगारेटचा धूर कानातून काढून दाखवायचे!

जे लपलेलं आहे, ते कसं काढणार?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत एक विचार जोरात होता. आनुवंशिक आजार असलेल्या लोकांची नसबंदी केली की आजारच संपेल. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तसे कायदे झाले आणि १९३३ साली हिटलरच्या जर्मनीतही झाला.

तरुणपणी हाल्डेन यांनाही सुप्रजननशास्त्राचं आकर्षण होतं. पण हिशेब मांडत गेले तसे ते या विचाराचे कडवे टीकाकार झाले. अनेक आनुवंशिक आजार असे असतात की ते होण्यासाठी सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत असतो, फक्त वाहक असतो. आजारी माणसं मोजकी आणि निरोगी वाहक मात्र कितीतरी पट जास्त. मग आजाऱ्यांची नसबंदी करून काय साधणार? शतकानुशतकं जुलूम केला तरी आजार जेमतेम कमी होईल. १९३८ साली आलेल्या त्यांच्या आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावरच्या पुस्तकात हा मुद्दा सविस्तर आहे.

राजकारणात त्यांचं पाऊल चुकलंही. ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात होते आणि सोव्हिएत रशियात लायसेंकोनं आनुवंशिकताशास्त्र मोडीत काढून शास्त्रज्ञांचा छळ चालवला, तेव्हा हाल्डेन स्पष्ट विरोध करायला कचरले. लायसेंकोचं म्हणणं खोटं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? पक्षापासून ते दूर झाले, पण उशिरा. त्यांच्या नावावरचा हा डाग पुसला गेलेला नाही.

१९४९: आजार टिकतो, कारण तो कुणाला तरी वाचवतो

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९३५ साली हाल्डेन यांनी हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजाराचा अभ्यास केला होता. त्या काळी हिमोफिलिया असलेले बहुतेक मुलगे संसार मांडायच्या आधीच मरायचे. तरी आजार संपत नव्हता. याचा अर्थ जेवढी सदोष जनुकं मृत्यूबरोबर नष्ट होतात, साधारण तेवढीच नव्यानं तयार होत असणार. या तर्कावरून त्यांनी माणसाच्या जनुकात बदल घडण्याचा वेग मोजून दाखवला.

मग समोर आला थॅलेसेमिया. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत हा रक्ताचा आजार भरपूर होता. दोन सदोष जनुकं मिळालेली मुलं दगावायची. इथे मात्र हिमोफिलियाचा हिशेब लागू पडेना. थॅलेसेमिया इतका जास्त होता की तो नव्या बदलांमुळे टिकलाय म्हणायचं, तर जनुक अशक्य वाटावं इतक्या वेगानं बदलायला हवं होतं.

हाल्डेन यांनी प्रश्नच उलटा केला. कदाचित वाहकांना काही फायदा होत असेल. आणि जिथे थॅलेसेमिया, तिथे आणखी काय असतं? मलेरिया. एकच सदोष जनुक असलेल्यांच्या तांबड्या पेशी थोड्या वेगळ्या असतात, त्यात मलेरियाच्या परजीवीला वाढायला अडचण येत असावी, असा अंदाज त्यांनी मांडला. १९४९ च्या एका निबंधात तर ते आणखी पुढे गेले. माणसाच्या उत्क्रांतीला वळण देण्यात साथीच्या रोगांचा वाटा फार मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज हे ओळखीचं वाटेल, पण तेव्हा उत्क्रांती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थंडी, दुष्काळ आणि शिकारी प्राणी यायचे.

सिकलसेलच्या बाबतीत पुरावा मिळाला १९५४ मध्ये. केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेत तपासण्या केल्या. समुद्रकिनारा आणि व्हिक्टोरिया तलावाजवळच्या मलेरियाच्या भागात सिकलसेलचे वाहक भरपूर होते. मलेरिया नसलेल्या उंच, थंड भागात ते फारच कमी होते. वाहक मुलांच्या रक्तात परजीवीही कमी सापडले. पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं की वाहकांना फॅल्सिपेरम या जातीच्या गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं.

सिकलसेलमध्ये नेमकं होतं काय?

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यात हिमोग्लोबिन असतं, जे ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक दुवा बदलला की ते ऑक्सिजन कमी झाल्यावर एकमेकांना चिकटून कडक दांडे तयार करतं. पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. पाणथरी, म्हणजे प्लीहा, निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

वाहकाला यातलं एरवी काहीच जाणवत नाही. त्याच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचं असतं. पण त्याच्या पेशीत मलेरियाचा परजीवी शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसकट काढून टाकते.

एका गावाचा हिशेब

हाल्डेन यांची पद्धत समजायला एक काल्पनिक गाव घेऊ. समजा, गावात मलेरिया आहे आणि तिथल्या दर १०० जनुकांपैकी १० सिकलची आहेत. अशा गावात १००० मुलं जन्मली तर सरासरी १० मुलांना सिकलसेल आजार असेल, १८० वाहक असतील आणि ८१० मुलांत सिकलचं जनुक नसेल.

उपचार नसलेल्या काळात ती १० मुलं वाचत नाहीत. ८१० पैकी, समजा, ९० मुलं मलेरियानं जातात. वाहक १८० च्या १८० मोठे होतात. आता उरले ७२० आणि १८०, म्हणजे ९०० जण. प्रत्येकाची दोन धरून जनुकं १८००. त्यातली सिकलची १८०. म्हणजे पुन्हा १० टक्केच!

मुलं गेली तरी जनुक तेवढंच राहिलं. १० मुलांच्या मृत्यूनं जेवढं ते घटलं, तेवढंच मलेरियानं बाकीच्यांना नेल्यामुळे भरून निघालं. निसर्ग इथे कुणाचं भलंबुरं बघत नाही, फक्त वजाबाकी होत राहते.

आता याच गावातून मलेरिया हटवा. ८१० आणि १८० मिळून ९९० जण उरतील आणि सिकलची जनुकं साधारण ९ टक्के होतील. पुढच्या पिढीत आणखी थोडी कमी. या वेगानं १० टक्क्यांचे ५ टक्के व्हायला १० पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं लागतील. मलेरिया गेला म्हणून सिकलसेल लगेच जात नाही, तो यामुळे.

वर्ध्याचा मलेरिया

विदर्भाला हे गणित कसं लागू होतं, हे समजायला वर्धा जिल्ह्याचा इतिहास बघावा लागतो.

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. गाव मलेरियानं ग्रासलेलं होतं. त्याच वर्षी गांधीजींनाही मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. आश्रमातली अनेक माणसं तापानं फणफणायची.

स्वातंत्र्याच्या वेळी देशभरात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा सरकारी अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तोवर जंगलाच्या आणि पाणथळ भागातल्या पिढ्याच्या पिढ्या या तापाखाली जगल्या.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. विदर्भाची पाळी आली १९५८ साली. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतात सिकलसेलचे वाहक सापडल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. नंतरच्या तपासण्यांत गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आज बहुतांशी बौद्ध असलेल्या समाजात त्याचं प्रमाण जास्त दिसलं. इतर समाजांतही रुग्ण आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिकलसेल ही कुठल्या जातीची खूण नाही. डास जात विचारून चावत नाही. जो समाज पिढ्यान् पिढ्या मलेरियाच्या भागात राहिला, त्याच्यात हे जनुक वाढलं. आणि आपल्याकडे लग्नं जातीतच होत राहिली, म्हणून ते त्या त्या समाजात अडकून राहिलं. जनुकाला भिंती नव्हत्या, त्या आपण घातल्या.

भारतातल्या सिकलसेल जनुकाची पार्श्वभूमी आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा वेगळी आहे. तिला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. या रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे त्यांचा आजार सौम्य असतो असं बराच काळ मानलं गेलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांनी मात्र दाखवलं की विदर्भातल्या अनेक मुलांत तो चांगलाच तीव्र असतो.

ब्रिटन सोडून थेट भारतात

नागपूरचा तो अहवाल आला तेव्हा हाल्डेन भारतात पोहोचलेही होते.

१९५६ साली ब्रिटननं सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. हाल्डेन यांना तो गुन्हा वाटला आणि देश सोडण्याचं ते उघड कारण ठरलं. त्यात त्यांची दुसरी पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे, पोलिसांच्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला म्हणून अटकेत गेल्या आणि दंड भरायला नकार देऊन तुरुंगात बसल्या! १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून दोघं कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले.

हाल्डेन इथे नुसते पाहुणे म्हणून राहिले नाहीत. धोतर-कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. प्राण्यांना इजा न करताही उत्तम जीवशास्त्र करता येतं, असं ते सांगू लागले. पक्ष्यांच्या अशा अहिंसक अभ्यासावरचं त्यांचं लेखन १९५९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

भारतीय तरुणांकडे महागडी यंत्रं नाहीत म्हणून विज्ञान अडत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या हाताखाली एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजून झाडाच्या वाढीचे नियम शोधले. सुरेश दिनकर जयकर यांनी हेलन यांच्यासोबत पिवळ्या गाठीच्या टिटवीच्या घरट्यांवर तासन्‌तास नजर ठेवली. कृष्ण द्रोणमराजू यांनी आंध्रात मामा-भाची आणि मामे-आते भावंडांतल्या लग्नांचा अभ्यास केला. जवळच्या नात्यात लग्न झालं तर एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातही आहे, त्यामुळे हा विषय आपल्याही घरातला.

१९६३ साली हाल्डेन आणि जयकर यांनी मिळून एक निबंध लिहिला. निवडीची दिशा दरवर्षी बदलत असेल तर काय होतं, हा त्यांचा प्रश्न. समजा, एखादं जनुक साथीच्या वर्षी फायद्याचं आणि एरवी तोट्याचं असेल. अशा वेळी दोन्ही प्रकारची जनुकं समाजात टिकून राहू शकतात, हे त्यांनी गणितानं दाखवलं. हा निबंध आजही वापरला जातो.

हाल्डेन यांचं कुणाशी फार काळ जमत नसे. १९६१ मध्ये त्यांनी कोलकात्याची संस्था सोडली. मग बिजू पटनायक यांच्या ओडिशा सरकारनं भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारून दिली. तिथे १९६२ मध्ये ते कामाला लागले, पण हाताशी फार दिवस उरले नव्हते.

शेवटही विज्ञानाला

हाल्डेन यांना गुदाशयाचा कर्करोग झाला. लंडनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पडल्यापडल्या त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहिली आणि ती 'न्यू स्टेट्समन'मध्ये छापून आली. हसण्यामागचा सल्ला गंभीर होता. शंका आली तर लाजू नका, वेळेत डॉक्टरकडे जा. बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही त्यांनी स्वतःच बोलून ठेवला.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह आंध्रातल्या काकिनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. ते ज्याचे संपादक होते ते 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' आज बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसतर्फे निघतं.

मग आज याचा उपयोग काय?

ज्या सेवाग्राममध्ये गांधीजी मलेरियानं आजारी पडले, तिथेच १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. मलेरिया पूर्वीइतका राहिला नाही. त्यामुळे सिकलच्या जनुकाचा फायदा उरला नाही, तोटा मात्र तसाच आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचं उच्चाटन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

निसर्गाच्या भरवशावर अडीचशे वर्षं थांबायची गरज नाही, कारण आपल्याकडे तपासणी आहे. त्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाला औषधाची गरज नसते आणि त्याच्याकडे बोट दाखवायचं काहीच कारण नाही.

दोन, वाहकाचं लग्न सिकलचं जनुक नसलेल्या व्यक्तीशी झालं तर मुलं वाहक होऊ शकतात, पण त्यांना सिकलसेल आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

तीन, दोघेही वाहक असल्याचं लग्नानंतर कळलं तरी मार्ग आहेत. गरोदरपणात लवकर तपासणी आणि समुपदेशन घेता येतं.

चार, आजार असलेलं मूल आता पूर्वीसारखं हातचं जायची गरज नाही. लसी, लवकर निदान, फॉलिक ॲसिड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच दवाखाना, यामुळे ही मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

विदर्भातल्या कितीतरी घरांत या आजाराकडे शाप म्हणून, घराण्याचा दोष म्हणून पाहिलं गेलं. सून वाहक निघाली की तिलाच बोल लावला जातो, मुलाची तपासणी मात्र कुणी करत नाही. हाल्डेन यांचा हिशेब यावर चांगलं उत्तर देतो. हे जनुक आज आपल्यात आहे, कारण मलेरियाच्या काळात त्यानं आपल्याच कुणा पणजी-खापरपणजीला लहानपणी वाचवलं. आजार रोखायला तपासणी लागते आणि ती दोघांचीही करावी लागते.